रोजमेळाचे आकडे काय सांगतात?

व्यापारी घरात आकड्यांचा तुटवडा कधीच नसतो. रोजमेळ, खतावणी, मालाची नोंदवही, बँकेचे पासबुक, वस्तू व सेवा कराची विवरणे, विजेची बिले आणि अलीकडे मोबाइलवर येणारे जमा-नावेचे संदेश, अशा अनेक वाटांनी आकडे घरात येत असतात. शिल्लक जुळली, कर भरला, कागद सनदी लेखापालांकडे पोहोचले, की त्या आकड्यांचे काम संपले असे समजण्याची रीत आहे. वास्तविक तेथून त्यांचे दुसरे काम सुरू व्हावयास हवे. पहिले काम हिशेब देण्याचे, दुसरे काम शहाणपण देण्याचे.

उधारीची मुदत वाढवावी की आखडावी, शेजारचा गाळा घ्यावा की नाही, बँकेकडून कर्जमर्यादा वाढवून घ्यावी काय, धाकट्या मुलाला त्याच दुकानात गुंतवावे की वेगळा व्यवसाय काढून द्यावा, हे निर्णय बहुतेक घरांत अंदाजाने होतात. वडीलधाऱ्यांच्या अंदाजामागे तीस-चाळीस वर्षांचा अनुभव असतो आणि त्याचे मोल कमी नाही. परंतु स्मरणशक्तीचा एक स्वभाव आहे. तिला दिवाळीची गर्दी आठवते, भाद्रपदातील रिकामी दुपार आठवत नाही. बुडालेली एक मोठी रक्कम आठवते, वेळेवर आलेली शंभर लहान बिले आठवत नाहीत. संख्याशास्त्राचे प्राथमिक नियम या स्मरणातील तूट भरून काढतात. त्यासाठी मोठे गणित लागत नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि क्वचित एखादे वर्गमूळ, एवढ्यावर काम भागते.

सरासरीचा दिवस आणि नेहमीचा दिवस

आठवडी बाजार भरणाऱ्या गावातील एक किराणा दुकान कल्पावे. बाजार रविवारी भरतो. सोमवार ते रविवार या सात दिवसांची विक्री हजार रुपयांत अनुक्रमे १८, २१, १९, १७, २०, २२ आणि ६५ अशी आहे. एकूण विक्री १८२ हजार. सातांनी भागता सरासरी २६ हजार येते. गणित अचूक आहे. परंतु या आठवड्यात २६ हजारांची विक्री एकाही दिवशी झालेली नाही. सहा दिवस ती सरासरीच्या खाली राहिली आणि एका दिवसाने सगळ्यांना वर ओढले.

आता हेच आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडावेत: १७, १८, १९, २०, २१, २२, ६५. बरोबर मधला आकडा २०. यालाच मध्यक म्हणतात. रविवारी ६५ ऐवजी ९५ हजारांची विक्री झाली असती तरी मध्यक २० हजारच राहिला असता. सरासरी मात्र ३० हजारांच्या वर गेली असती. एखाद्या टोकाच्या आकड्याने सरासरी हलते, मध्यक सहसा हलत नाही, हा दोहोंतील मुख्य फरक होय.

म्हणून सरासरी खोटी आणि मध्यक खरा असे मात्र नाही. दोघांची कामे वेगळी आहेत. वर्षाची एकूण खरेदी किती लागेल, कर किती भरावा लागेल, हे ठरवताना सरासरीच उपयोगी पडते, कारण सरासरीस दिवसांच्या संख्येने गुणले की एकूण रक्कम मिळते. परंतु पिग्मीचा दैनिक हप्ता किती ठेवावा, बुधवारी मालवाहू टेम्पोवाल्यास रोख किती देता येईल, हे ठरवताना मध्यकाकडे पाहावे. सरासरी २६ हजार धरून रोजचे देणे बांधून घेतलेला दुकानदार आठवड्यातून सहा दिवस ओढाताणीत राहतो आणि ‘धंदा तर चांगला आहे, मग हातात पैसा का नाही’ असा प्रश्न त्यास पडतो. त्याच्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याच रोजमेळात असते.

दोन पुरवठादार, एकच सरासरी

सरासरी आणि मध्यक हे दोन्ही आकडे मध्य दाखवतात. आकडे त्या मध्याभोवती एकवटले आहेत की दूरवर पसरले आहेत, ही गोष्ट त्यांतून कळत नाही. व्यापारात तर अनेकदा हा पसाराच महत्त्वाचा असतो.

दोन पुरवठादार एकच माल पुरवतात असे समजावे. मागणी नोंदवल्यापासून माल दुकानात येईपर्यंत पहिल्याला पाच वेळा लागलेले दिवस ६, ७, ७, ८, ७ असे आहेत. दुसऱ्याला ३, १२, ४, ११, ५. दोहोंची बेरीज ३५ आणि सरासरी ७ दिवस. कागदावर दोघे सारखे. प्रत्यक्षात पहिल्याच्या भरवशावर आठ-नऊ दिवसांचा साठा पुरतो, तर दुसऱ्याच्या भरवशावर बारा-तेरा दिवसांचा साठा बाळगावा लागतो. नाहीतर गिऱ्हाईक समोर उभे आणि फळी रिकामी, असा प्रसंग येतो.

हा पसारा एका आकड्यात सांगण्याची रीत म्हणजे प्रमाण विचलन. प्रत्येक आकड्याचा सरासरीपासूनचा फरक काढावा, त्या फरकांचे वर्ग करावेत, वर्गांची सरासरी घ्यावी आणि तिचे वर्गमूळ काढावे. पहिल्या पुरवठादाराच्या फरकांच्या वर्गांची बेरीज २ येते. तिला पाचांनी भागून वर्गमूळ घेतले की सुमारे ०.६३ दिवस. दुसऱ्याच्या वर्गांची बेरीज ७० येते आणि प्रमाण विचलन सुमारे ३.७४ दिवस. हे पाच आकडे म्हणजे मोठ्या व्यवहाराचा केवळ नमुना आहे असे मानले, तर पाचांऐवजी चारांनी भागण्याचा प्रघात आहे. तसे केल्यास आकडे अनुक्रमे ०.७१ आणि ४.१८ होतात. कोणत्याही रीतीने पाहिले तरी दुसऱ्याची अनिश्चितता पहिल्याच्या जवळजवळ सहापट आहे.

या अनिश्चिततेची किंमत रुपयांतही सांगता येते. रोज २० हजारांचा माल खपत असेल, तर चार दिवसांचा जादा साठा म्हणजे ८० हजार रुपये गोदामात अडकले. दरसाल दर शेकडा १२ व्याजाने त्यांचा वर्षाचा खर्च ९,६०० रुपये झाला. त्यात जागा, उंदीर, ओल आणि मुदत संपणारा माल यांची भर पडते ती निराळीच. दुसऱ्या पुरवठादाराचा भाव वर्षाकाठी याहून अधिक बचत करून देत असेल तर त्याचा माल अवश्य घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. ‘दोघेही आठवड्याने माल देतात’ एवढ्या माहितीवर घेतलेला निर्णय अर्धवट माहितीवरचा निर्णय असतो.

भारित सरासरी: सोन्याचा कस आणि उधारीचे दिवस

सरासरी काढताना सर्वाधिक होणारी गफलत म्हणजे लहान आणि मोठ्या गोष्टींना सारखेच वजन देणे. सराफ ही गफलत करीत नाही. २४ कॅरटचे १० ग्रॅम आणि १८ कॅरटचे ३० ग्रॅम सोने एकत्र आटवले तर मिश्रण २१ कॅरटचे होईल, असे तो कधीच म्हणणार नाही. तो वजनाने गुणतो: १० गुणिले २४ म्हणजे २४०, ३० गुणिले १८ म्हणजे ५४०, एकूण ७८०. त्यास ४० ग्रॅमने भागले की १९.५ कॅरट. ही रीत भारतीय गणितात फार जुनी आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, इसवी सनाच्या नवव्या शतकात होऊन गेलेले जैन गणिती महावीराचार्य यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात निरनिराळ्या वर्णांचे सोने मिसळल्यावर मिश्रणाचा वर्ण काढण्याची हीच रीत दिली आहे. एम. रंगाचार्य यांनी केलेले या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १९१२ साली मद्रासहून निघाले आणि १९६३ साली त्याची हिंदी अनुवादासह आवृत्ती सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने प्रसिद्ध केली.

सोन्याच्या बाबतीत पाळला जाणारा हा नियम उधारीच्या बाबतीत मात्र विसरला जातो. एका ठोक व्यापाऱ्याची दहा बिले येणे आहेत असे धरावे. नऊ बिले प्रत्येकी १० हजारांची असून ती २० दिवसांत वसूल होतात. दहावे बिल १ लाख १० हजारांचे असून ते १२० दिवसांनी वसूल होते. बिलांच्या संख्येवरून सरासरी काढली तर १८० अधिक १२० म्हणजे ३०० दिवस, भागिले १०, म्हणजे ३० दिवस. व्यापारी समाधानाने सांगतो, ‘आपली उधारी महिन्यात फिरते.’ आता रकमेचे वजन देऊन पाहावे. ९० हजार गुणिले २० म्हणजे १८ लाख. १ लाख १० हजार गुणिले १२० म्हणजे १ कोटी ३२ लाख. बेरीज दीड कोटी. तिला एकूण येणे असलेल्या २ लाखांनी भागले की ७५ दिवस. रुपया महिन्यात परत येत नसून अडीच महिन्यांनी परत येतो आहे.

हा फरक केवळ अभ्यासाचा नाही. मालाच्या खरेदीचे पैसे ३० दिवसांत द्यावयाचे आणि विक्रीचे ७५ दिवसांनी यावयाचे, तर मधल्या ४५ दिवसांचा भार कोणीतरी उचलावाच लागतो. तो बहुधा बँकेच्या रोख कर्जखात्यावर पडतो. बँक मात्र ठरावीक मुदतीहून जुनी येणी तारणात धरीत नाही. पुष्कळ ठिकाणी ही मुदत ९० दिवसांची असते. म्हणजे १२० दिवस रेंगाळणारे ते एक मोठे बिल शेवटच्या महिन्यात कर्जाची उचल कमी करते आणि नेमकी त्याच वेळी पैशाची गरज असते. खात्यातील थकबाकी ९० दिवसांहून अधिक काळ राहिली तर ते खाते अनुत्पादक ठरते आणि पेढीची पत एका नोंदीने खाली येते. दुकानात गर्दी असतानाही पेढी अडचणीत येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

दोन गोष्टी एकत्र वाढतात तेव्हा

एका गोष्टीचे वर्णन झाल्यावर दोन गोष्टींच्या संबंधाचा विचार येतो. उन्हाळा वाढला की सरबताचा खप वाढतो, पाऊस लांबला की खेड्यातील गिऱ्हाईक आटते, हे संबंध प्रत्येक व्यापाऱ्यास ठाऊक असतात. त्यांची मात्रा मोजण्याचे साधन म्हणजे सहसंबंध गुणांक. इंग्लंडमधील फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८८ साली सहसंबंधाची कल्पना मांडली आणि कार्ल पिअर्सन यांनी पुढील दशकात तिला आज प्रचलित असलेले सूत्र दिले. हा गुणांक उणे १ आणि अधिक १ यांच्या दरम्यानच राहतो. अधिक १ च्या जवळ म्हणजे दोन्ही गोष्टी बरोबरीने वाढतात. उणे १ च्या जवळ म्हणजे एक वाढली की दुसरी घटते. शून्याच्या जवळ म्हणजे सरळ रेषेत मांडता येईल असा संबंध दिसत नाही.

एका किराणा व भुसार दुकानाचे जून ते ऑक्टोबर हे पाच महिने उदाहरणासाठी घ्यावेत. एकूण विक्रीतील उधारीचे शेकडा प्रमाण अनुक्रमे १०, १५, २०, २५, ३० असे आहे आणि महिन्याची विक्री लाखांत ५, ७, ६, ८, ९ अशी आहे. उधारीची सरासरी २०, विक्रीची सरासरी ७. उधारीचे सरासरीपासूनचे फरक उणे १०, उणे ५, शून्य, ५, १०. विक्रीचे फरक उणे २, शून्य, उणे १, १, २. जोडीजोडीने गुणाकार केले की २०, ०, ०, ५, २०, बेरीज ४५. उधारीच्या फरकांच्या वर्गांची बेरीज २५०, विक्रीच्या फरकांच्या वर्गांची बेरीज १०. या दोहोंचा गुणाकार २,५०० आणि त्याचे वर्गमूळ ५०. आता ४५ भागिले ५० म्हणजे ०.९. हाच सहसंबंध गुणांक होय आणि तो बराच मोठा आहे.

येथेच मोह उत्पन्न होतो. उधारी वाढवली की विक्री वाढते, तेव्हा उधारी आणखी वाढवावी, असा निष्कर्ष काढावासा वाटतो. परंतु गुणांक एवढेच सांगतो की या पाच महिन्यांत दोन्ही गोष्टी बरोबर वाढल्या. एकीमुळे दुसरी वाढली असे तो सांगत नाही. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत सणांची रांग लागते. सणासुदीत विक्रीही वाढते आणि उधार मागणारेही वाढतात. दोहोंच्या मागे सण हे तिसरेच कारण उभे असू शकते.

त्याची परीक्षा कशी करावी? मागील वर्षाचा तोच महिना शोधावा. गेल्या वर्षी दिवाळीच्या महिन्यात उधारीचे प्रमाण शेकडा १२ असताना विक्री ८ लाख ६० हजार होती असे आढळले, तर चित्र पालटते. यंदा विक्री वाढली ती ४० हजारांनी. उधारी मात्र सुमारे १ लाख ३ हजारांवरून २ लाख ७० हजारांवर गेली, म्हणजे सुमारे १ लाख ६७ हजारांनी वाढली. ढोबळ नफा शेकडा ८ धरला तर वाढीव विक्रीने ३,२०० रुपये दिले. वाढीव उधारी ७५ दिवसांनी वसूल होत असेल, तर शेकडा १२ दराने तिचे व्याज सुमारे ४,१०० रुपये होते. विक्री वाढली, गर्दी वाढली, नाव झाले आणि नऊशे रुपये पदरचे गेले. त्यातील एखादे खाते बुडाले तर तोटा किती, हे वेगळे सांगावयास नको.

अशी तुलना करताना एक काळजी घ्यावी लागते. आपले सण पंचांगाने येतात आणि हिशेब इंग्रजी महिन्यांनी होतात. २०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते, २०२३ साली ते १२ नोव्हेंबरला होते, कारण त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. त्या दोन वर्षांचे ऑक्टोबर महिने एकमेकांसमोर ठेवून ‘धंदा बसला’ असे म्हणणे म्हणजे दिवाळीची तुलना दिवाळीपूर्वीच्या दिवसांशी करण्यासारखे आहे. आश्विनाची तुलना आश्विनाशीच व्हावी.

आधी चित्र, मग गुणांक

सहसंबंध गुणांकाची आणखी एक मर्यादा आहे. फ्रान्सिस अँस्कोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली आकड्यांचे चार संच रचून दाखवले. प्रत्येकात अकरा जोड्या. चारही संचांच्या सरासऱ्या सारख्या, पसारा सारखा, सहसंबंध गुणांकही सारखा, सुमारे ०.८२. पण चौकटीच्या कागदावर ठिपके मांडले की चार निराळी चित्रे दिसतात. एकात ठिपके सैलसर पण सरळ रेषेत जातात, दुसऱ्यात सुबक कमान होते, तिसऱ्यात एक ठिपका सगळी रेषा वाकडी करतो आणि चौथ्यात तर एकाच दूरच्या ठिपक्यामुळे संबंध असल्याचा भास होतो.

दुकानातही असेच घडते. फळीवरचा माल अगदी कमी ठेवला तर गिऱ्हाईक परत जाते आणि फार ठेवला तर व्याज व नासाडी नफा खाते. मध्यम साठ्यावर नफा सर्वाधिक असतो. साठा आणि नफा यांचा संबंध घट्ट आहे, तरीही तो कमानीसारखा असल्यामुळे गुणांक शून्याजवळ येऊ शकतो. म्हणून आधी ठिपके मांडावेत, ते डोळ्यांनी पाहावेत आणि मग गुणांक काढावा. जो ठिपका इतरांपासून फार दूर पडला असेल त्याची चौकशी करावी. तो लिहिण्यातील चूक असेल, एखादी मोठी लग्नघरची खरेदी असेल किंवा एखाद्या बदलाची पहिली खूणही असेल.

पायगुण आणि रोजमेळ

एकापाठोपाठ एक घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणभाव पाहण्याची सवय दुकानापुरती राहत नाही, ती घरातही शिरते. लग्न होऊन सून घरात आली आणि पुढील तीन महिने विक्री घसरली, की दबक्या आवाजात पायगुणाची गोष्ट निघते. कोणी उघड बोलत नाही, पण त्या मुलीला ती कळल्यावाचून राहत नाही. एका निरपराध व्यक्तीच्या आयुष्यावर आकड्यांच्या चुकीच्या वाचनाचा असा डाग पडतो. म्हणून या आरोपाची छाननी तरी नीट व्हावयास हवी.

पहिला साक्षीदार म्हणजे मागील पाच वर्षांचा रोजमेळ. पुष्कळ विवाह तुळशीच्या लग्नानंतर होतात आणि पुष्कळ धंद्यांत दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने मंदीचेच असतात. सून येण्यापूर्वीच्या चार वर्षांतही त्याच महिन्यांत विक्री तितकीच घसरली असेल, तर आरोप तेथेच फेटाळला जातो.

दुसरा साक्षीदार योगायोग. कोणत्याही महिन्यात विक्री मागील महिन्याहून वाढेल की घटेल, हे केवळ नाणेफेकीसारखे आहे असे क्षणभर मानले, तर सलग तीन महिने घट येण्याची शक्यता आठांत एक आहे. शहरात एका मोसमात ऐंशी घरी सुना आल्या, तर त्यांपैकी सुमारे दहा घरांत कोणाचाही काही संबंध नसताना तीन महिने सलग घट दिसेल. त्या दहा घरांत चर्चा होईल; उरलेल्या सत्तर घरांत कोणी काही बोलणार नाही.

तिसरा साक्षीदार गॉल्टन यांनीच १८८६ साली आई-वडिलांच्या आणि मुलांच्या उंचीच्या अभ्यासातून पुढे आणला. फार उंच पालकांची मुले सरासरीने पालकांहून काहीशी कमी उंच, सर्वसाधारण उंचीच्या अधिक जवळ असतात. हीच गोष्ट व्यवसायातही दिसते. असाधारण चांगल्या वर्षानंतरचे वर्ष बहुधा सरासरीकडे परतते, कारण असाधारण यशात थोडा वाटा अनुकूल परिस्थितीचा असतो आणि ती दरवर्षी लाभत नाही. मंगल कार्ये बहुधा बरकतीच्या वर्षी काढली जातात, नवे गाळेही तेव्हाच घेतले जातात आणि मुलालाही तेव्हाच गल्ल्यावर बसवले जाते. त्यानंतर विक्री थोडी खाली आली तर तो सुनेचा दोष नाही, मुलाचा नाही आणि गाळ्याच्या दिशेचाही नाही. याच न्यायाने, अतिशय वाईट वर्षानंतर एखादा उपाय केला आणि विक्री सुधारली, तर तिचे सगळे श्रेय त्या उपायास देण्याची घाई करू नये.

स्याद्वाद आणि संख्याशास्त्र

जैन विचारपरंपरेला ही सावधगिरी परकी नाही. भारतीय सांख्यिकी संस्थेची १९३१ साली कोलकात्यात स्थापना करणारे आणि १९३३ साली ‘संख्या’ हे नियतकालिक सुरू करणारे प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ साली संख्याशास्त्राच्या पायाभूत तत्त्वांवर लिहिलेल्या एका निबंधात स्याद्वादाची चर्चा केली. पुढे १९५७ साली जे. बी. एस. हाल्डेन यांनी ‘संख्या’मध्येच स्याद्वादातील विधानपद्धतीवर लेख लिहिला. दोघेही जैन कुळातील नव्हते. म्हणून आधुनिक संख्याशास्त्र आगमात होते असा दावा करणे योग्य ठरणार नाही. परंतु कोणतेही विधान अमुक दृष्टीने, अमुक मर्यादेत खरे आहे, असे म्हणण्याची शिस्त दोहोंत आहे. ‘सरासरी विक्री २६ हजार’ हे विधान एका दृष्टीने खरे, ‘नेहमीची विक्री २० हजार’ हे दुसऱ्या दृष्टीने खरे आणि दोन्ही एकत्र ठेवल्यावाचून दुकानाचे खरे रूप कळत नाही.

घरच्या घरी सराव

अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेतील मुले-मुली मध्यक, प्रमाण विचलन आणि सहसंबंध यांची सूत्रे पाठ करतात, पण त्यांतील आकडे त्यांना परके असतात. त्याच मुलांच्या हाती घरच्या दुकानाचा नव्वद दिवसांचा रोजमेळ द्यावा. एका वहीत किंवा संगणकाच्या तक्त्यात दिनांक, एकूण विक्री, उधारी, आलेली वसुली, गिऱ्हाइकांची संख्या आणि शेरा असे सहा रकाने करावेत. शेऱ्यात पाऊस, आठवडी बाजार, जत्रा, पर्युषण, वीज खंडित होणे अशा नोंदी असाव्यात, कारण पुढे तिसरे कारण शोधताना त्याच उपयोगी पडतात. गिऱ्हाइकांच्या नावांऐवजी क्रमांक लिहावेत. घराची आणि गिऱ्हाइकाची गुप्तता दोन्ही राखली जाते. टॅलीसारख्या प्रणालीतून हे आकडे एक्सेलच्या तक्त्यात काढता येतात आणि तेथे सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन व सहसंबंध एका सूत्राने मिळतात. तरीही पहिले दोन-तीन वेळा हे गणित हाताने करावे. आकडा कोठून आला हे कळले म्हणजे तो कोठे फसवू शकतो हेही कळते.

दुकानाबाहेरही या सरावास जागा आहे. आजोबांचा रक्तदाब एकदाच मोजून घाबरण्यापेक्षा किंवा निर्धास्त होण्यापेक्षा आठवडाभर सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या वेळी मोजून नोंदी डॉक्टरांकडे नेल्या, तर त्यांना सरासरी आणि चढउतार दोन्ही दिसतात आणि औषधाचा निर्णय त्यांना अधिक खात्रीने करता येतो. विजेच्या बिलांतील युनिटे बारा महिने मांडली, तर नवा पंखा, जुना शीतकपाट आणि उन्हाळा यांचा वाटा वेगळा करता येतो.

या सगळ्याला एकच अट आहे आणि ती गणिताची नाही. नोंद खरी असली पाहिजे. पक्की वही निराळी आणि कच्ची वही निराळी अशी जेथे रीत आहे, तेथे पक्क्या वहीवरून काढलेली सरासरी ज्यांनी ती लिहिली त्यांनाच फसवते. काही वर्षांनी पुढील पिढी त्याच आकड्यांवर विसंबून कर्ज काढते, भागीदारीची वाटणी करते, दुकानाची किंमत ठरवते. भावाभावांतील पुष्कळ वाद स्वभावातून जन्मत नाहीत. दोघांसमोर दोन निराळे आकडे असतात, त्यातून ते जन्मतात.

लक्ष्मीपूजनाला नव्या वह्यांची पूजा होते. त्यापूर्वी जुनी वही कपाटात जाऊ देण्याआधी घरातील सर्वांनी एक संध्याकाळ एकत्र बसून तिच्यातून पाच आकडे काढावेत: रोजच्या विक्रीची सरासरी, तिचा मध्यक, तिचे प्रमाण विचलन, रकमेच्या वजनाने काढलेले उधारीचे दिवस आणि उधारी व विक्री यांचा सहसंबंध. हे पाच आकडे नव्या वहीच्या पहिल्या पानावर, शुभलाभाच्या खाली लिहून ठेवावेत. पुढील वर्षी त्यांच्याशेजारी नवे पाच आकडे येतील आणि अंदाजाने चालणाऱ्या चर्चेस बसावयाला एक पक्की जागा मिळेल.